रेणूच्या गाडीची बॅटरी

डायलिसिसच्या इमारतीपुढच्या चढावर गाडी बंद पडली, तेव्हा रेणूने पेडलवरचा पाय उचलला नाही. उचलून उपयोग नव्हता आणि ठेवूनही नव्हता. सीटखाली टक् असा एक कोरडा आवाज झाला, थोड्या वेळाने आणखी एक झाला, आणि मग तोही झाला नाही. जानेवारीचं ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं. खाली डांबरावर रात्रीचा गारठा तसाच पसरून होता.

मागच्या बाकावर सुपेल्याहून येणारी म्हातारी होती. तिने शालीतून मान बाहेर काढली आणि छत्तीसगढीत विचारलं.

"बंद होगे का, नोनी?"

"हव दाई. थोरिक बइठ."

"मैं त बइठेच हंव," म्हातारी म्हणाली. "अब तोर गाड़ी घलो बइठ गे." गाडीही बसली म्हणत ती स्वतःच हसली.

दोन वॉर्डबॉय धावत आले आणि गाडी ढकलत दारापर्यंत घेऊन गेले. त्या आठवड्यातली ही तिसरी खेप होती, आणि आठवडा अजून गुरुवारपर्यंतच आला होता.

ती गाडी मुळात रुग्णांसाठी केलेली नव्हती. कुठल्याशा दूरच्या शहरात, हिरवळीवर चेंडू मारत फिरणाऱ्या माणसांसाठी ती घडली होती. तिथे म्हातारी झाल्यावर लिलावातून ती भिलाईच्या या खासगी रुग्णालयात आली. पांढरं छत, दोन बाक, आणि काठ्यांच्या पिशव्या ठेवण्याच्या जागी आता घडीची व्हीलचेअर. इंजिन पेट्रोलचं. पण तिची एक सवय विचित्र होती. पेडल दाबलं की इंजिन सुरू होई, पाय उचलला की बंद. फाटक, ओपीडी, एक्स-रे, डायलिसिस, कँटीन, मधल्या आणखी काही इमारती, पुन्हा फाटक: प्रत्येक थांब्यावर ती मरायची आणि प्रत्येक थांब्यावरून नव्याने जन्मायची. मैदानावर ते शोभत असेल. इथे दर दोनशे पावलांवर कुणीतरी चढायचं, उतरायचं, औषधांची चिठ्ठी विसरून परत यायचं.

विजयकुमार सर पोर्चमध्ये उभे होते. रुग्णालयाच्या गाड्या, साफसफाई आणि लॉन्ड्री त्यांच्याकडे होती. नागपूरकडचा माणूस, आवाज कधी न चढवणारा. रेणूला त्याचीच भीती वाटे.

"रेणूबाई, पेशंटला गाडीत बसवायचं आहे की पेशंटकडून गाडी ढकलवून घ्यायची आहे?"

"सर, बॅटरी..."

"बॅटरी दोन महिन्यांपूर्वी नवी घेतली. तुमच्या सासऱ्यांनी सांगितली तीच घेतली. मी म्हटलं, एकतीस वर्षं प्लांटच्या बॅटरी रूममध्ये काढलेला माणूस, त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? आता डायरेक्टर साहेब मला विचारून राहिले, मी काय सांगू?"

रेणू मागची व्हीलचेअर उतरवू लागली.

"सोमवारी ते स्वतः बसणार आहेत. पूर्ण फेरी, सगळे स्टॉप. कुठे एकदा जरी अडकली, तर ही भंगारात आणि विजेवरच्या गाड्या येतील. त्या कंपनीचे ड्रायव्हर त्यांचेच असतात." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि धीर देण्यासारखं म्हणाले, "नोकरी नाही जाणार, घाबरू नका. लॉन्ड्रीत परत घेऊ तुम्हाला."

लॉन्ड्रीत तिने चार वर्षं काढली होती. ओल्या चादरींचं वजन खांद्यात साठतं, दिवसाच्या शेवटी ते उतरून ठेवता येत नाही. ब्लीचने बोटांची साल जायची. पोळी लाटताना कणकेला हात लावायची लाज वाटायची. आठ तास उभं राहायचं, आणि ज्यांच्या चादरी धुवायच्या त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा दिसायचा नाही. गेले अकरा महिने ती या गाडीच्या सीटवर बसत होती. लोक तिला रस्ता विचारत होते. एवढंच, पण या एवढ्याशा गोष्टीसाठी सकाळी उठता येत होतं.

संध्याकाळी ती मरोद्याला घरी जाण्याआधी खुर्सीपारला वळली. दयारामचं बॅटरीचं दुकान तिथल्या अरुंद रस्त्यावर होतं. दयाराम गोंदियाकडचा, पोलाद कारखान्यातल्या अर्ध्या ठेकेदारांच्या गाड्या त्याच्याकडेच येत. रेणूने सांगितलेलं त्याने मान न हलवता ऐकलं.

"वहिनी, खरं सांगू? ते बॅटरी तुमच्या गाडीची नोहेच."

"मंग देल्ली कावून?"

"काकाले, तुमच्या सासऱ्याले, कोन ना म्हणन? मी कारची बॅटरी काढून देल्ली होती. त्याईनं एका हातानं उचलली अन् म्हणते, हे त हलकी हाय, पातळ प्लेटा, सहा महिन्यात झडतीन. मंग ते सोलरवाली ट्यूबलर पसंद केली. जाड नळ्या, मजबूत. मजबूत हाय ना, मी कुठी नाई म्हणतो? पंखा चालवा, बल्ब चालवा, आठ घंटे आरामात देईन. पन तुमच्या गाडीले आठ घंटे नाई पायजे. तिले एका सेकंदात पायजे, जोरात, अन् दोन मिनटानं परत पायजे. हे भारी मानसाले घंटी वाजली का पळ म्हनल्यासारखं हाय." त्याने हात पुसले. "पाणी कोन टाकते?"

"मामाजी. दर रविवारी घरी चार्जिंगले लावते ना, तवा."

"कितीक?"

"गळ्यापर्यंत. अन् मंग चार्जर लावते."

दयारामने डोळे मिटून घेतले. "चार्जिंगच्या आधी? अरे देवा. मंग ते उकळून बाहेर येत असन."

"येते ना. गाडीत बी सांडते, बॅटरीखालचा ट्रे सगळा खाऊन टाकला."

"ते पाणी नोहे बाहेर येत, वहिनी. ॲसिड येते. अन् पुढच्या रविवारी त्याच्या जागी काका पुन्हा साधं पाणी टाकते." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "कोनी दुसरा असता त मी हासलो असतो. मले टर्मिनल पकडाले काकानंच शिकवलं."

पंजाबराव, तिचे सासरे, एकतीस वर्षं ज्या खोलीत बसले ती खोली तिने कधी पाहिली नव्हती, तरी ती तिला पाठ होती. कारखान्यातल्या एका वीज उपकेंद्राच्या तळमजल्यावर लाकडी घडवंच्यांवर एकशे दहा काचेचे सेल, चार रांगांत. खिडकी नाही, वर एक पंखा, हवेत आंबूस वास. कारखान्याची वीज गेली तर मोठे स्विच ज्या जोरावर वेळेत बंद व्हावेत, तो जोर त्या काचांमध्ये साठवून ठेवलेला असे. वीज सहसा जात नसे. सेल तसेच उभे राहत, हलकंसं चार्जिंग चोवीस तास चालू, आणि पंजाबराव हायड्रोमीटरची काचनळी एकेका सेलमध्ये बुडवून आतला तरंगणारा आकडा, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, ज्याला ते ग्रॅव्हिटी म्हणत, वाचत आणि लॉगबुकात लिहीत. काचेवर दोन रेघा कोरलेल्या. पाणी वरच्या रेघेपर्यंत भरलं की काम झालं. वर इतकी मोकळी जागा की काही उसळून बाहेर येण्याचा प्रश्नच नव्हता. ती बॅटरी कधी हलली नाही, कधी खड्ड्यातून गेली नाही, कुणी तिला रोज उठून एका क्षणात सगळं मागितलं नाही. जगातल्या सगळ्या बॅटऱ्या अशाच असतात, असं त्यांना वाटत होतं असं नाही. पण त्यांच्या हातांना तसंच वाटत होतं.

घरी अंगणातल्या बाकड्यावर ती बॅटरी उतरवताना रेणूच्या कमरेत कळ आली. स्कूटीच्या पायरीवर ठेवून ती आणावी लागे, गुडघे फाकवून. नवरा रायगढला ठेकेदारीत होता, पंधरा दिवसांतून एकदा येई. उचलायला दुसरं कुणी नव्हतं.

"आज गुरुवार हाय," पंजाबराव म्हणाले. "आज कावून आनली?"

"बंद पडली, मामाजी. चढावर."

त्यांनी चष्मा लावला, झाकणं उघडली, नळी बुडवली. मग आतून घरची वही आणली. तिच्यात दर रविवारचा आकडा होता, शेवटचे चार असे: बाराशे चाळीस, बाराशे पंचवीस, बाराशे पंधरा, बाराशे पाच. पूर्ण चार्जिंगनंतरचे आकडे, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात, एखाद्या जिन्यासारखे खाली उतरत गेलेले.

"कंपनीनं माल खराब धाडला," ते म्हणाले. "नाई त तू लाईट लावून ठेवत असशीन."

"नाई ठेवत."

"मंग पंखा."

गयाबाई, तिची सासू, दारात तांदूळ निवडत होती. "अवो, त्या बिचारीवर कावून घालता? तुमीच त्या बॅटरीले इतकं पाणी पाजता. माह्या तुळशीले कधी तांब्याभर टाकलं का?"

"तुळशीले ग्रॅव्हिटी असते का?"

"नसते. म्हनूनच ते जगली."

रेणूला हसू आलं नाही. ओठांपर्यंत आलेलं दयारामचं बोलणं तिने गिळलं. एकदा, डिसेंबरात, तिने भीतभीत म्हटलं होतं की पाणी जरा कमी टाकून पाहू का. त्यावर ते ओरडले नव्हते. दोन दिवस कुणाशीच बोलले नव्हते, फक्त नखांच्या कडा पाहत बसले होते, ज्या ॲसिडने कायमच्या पिवळ्या झाल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांना विचारायला येणारं जगात आता काही उरलं नव्हतं. ही एक बॅटरी होती, दर आठवड्याला येणारी, आणि तिच्यासाठी ते रविवारी सकाळीच दाढी करून बसत.

शुक्रवारी गाडी उभीच राहिली. रेणूने व्हीलचेअर हाताने ढकलल्या आणि दिवसभर एकच विचार केला. संध्याकाळी ती सासऱ्यांपुढे जमिनीवर बसली.

"मामाजी, सोमवारी मोठे साहेब बसनार हायत. थांबली त मले लॉन्ड्रीत धाडतीन."

"मालूम हाय. तुह्या सासूनं सांगतलं."

"उद्या तुमी माह्यासंगं चला. पूर्ण शिफ्ट. बॅटरी रूममध्ये घेत होते तशी रीडिंग घ्या, दर दोन घंट्याले. इथी बसून एकच आकडा दिसते. दिवसभरात तिचं काय होते ते दिसत नाई."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला वाटलं, त्यांचीच चूक त्यांना दिसावी म्हणून आपण नेतोय हे त्यांना कळलं. कळलं असतं तरी त्यांनी दाखवलं नाही.

"चार्जरवर हाय ना रात्रभर?" ते म्हणाले. "सकाळी साडेसहाले निघू. तुह्या सासूले माहा पांढरा सदरा काढून ठेव म्हन."

शनिवारी ते तिच्या शेजारी बसले. मांडीवर नवी वही, तिच्यात पट्टीने आखलेले रकाने. खिशात रबरी हातमोजे. हातरुमालात गुंडाळलेला हायड्रोमीटर. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "काकाजी, चेकअप?" पंजाबराव म्हणाले, "हव. मेरा नहीं, इसका."

पहिलं रीडिंग अकराशे नव्वद. रात्रभर चार्जरवर राहून एवढंच. त्यांनी लिहिलं. पुढच्या रकान्यात, प्रत्येक वेळी इंजिन उठलं की एक उभी रेघ, पाचवी आडवी. ही कल्पना त्यांचीच.

पहिला अर्धा तास ते रेघा मारत राहिले. मग ओपीडीच्या थांब्यावर, इंजिन निजलेलं असताना, छताखालच्या भोंग्यातली बाई नेहमीसारखी सांगू लागली, कृपया बाजू हो जाइए, कृपया बाजू हो जाइए.

"हे कोन?"

"ठेकेदारानं लावली. गाडी दिसली का लोकाईनं बाजूले सरकाव म्हणून."

"इंजिन झोपलं तरी बोलते?"

"दिवसभर."

त्यांनी वाकून तिची वायर काढली. रिकाम्या झालेल्या शांततेत चिमण्या ऐकू आल्या. "असली बाई तुह्या सासूनंतर दुसरी नको," ते म्हणाले, आणि रेणू त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

नऊ वाजता अकराशे पंच्याहत्तर. रेघांचे जुडगे रकाना ओलांडून समासात गेले होते. कँटीनमागे गाडी उभी करून त्यांनी सीट उचलली, इंजिनाच्या पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा सैल, अंगठा खोल गेला. जे यंत्र इंजिनाला उठवतं तेच उठल्यावर बॅटरीला परत भरतं, आणि ते या पट्ट्यावर फिरतं. पट्टा सैल म्हणजे घेणं चालू आणि देणं अर्धं. त्यांनी हे तिला समजावून सांगितलं, बारीक आवाजात, पण त्या आवाजात जुनी खोली पुन्हा उघडल्यासारखी झाली. रेणूला वाटलं, सगळा दोष पट्ट्याचा निघावा. ज्या कामासाठी ती त्यांना घेऊन आली होती, ते होऊ नये असं तिला आता मनापासून वाटू लागलं.

अकरा वाजता ती स्वतः म्हणाली, "गाडी हलते, मामाजी, म्हनून आकडा खाली दिसत असन. थोडा जास्तच असन. अकराशे सत्तर लिवा ना."

त्यांनी नळी डोळ्यांसमोर धरली होती. आतला तरंगता आकडा स्थिर व्हायची वाट पाहत ते तसेच उभे राहिले.

"अकराशे पंचावन," ते म्हणाले. "रेणू, बॅटरी रूममध्ये आमचा एक फोरमन होता. तो म्हणे, खराब सेल चालते, खोटा आकडा नाई चालत. जे दिसते तेच लिवाचं."

आणि त्यांनी लिहिलं.

त्यानंतर त्यांनी घरची जुनी वही पिशवीतून काढली. ती त्यांनी बरोबर आणली आहे हे रेणूला माहीत नव्हतं. एका मांडीवर रविवारचे आकडे, दुसऱ्या मांडीवर आजचे. गाडी फाटकाकडून एक्स-रेकडे गेली, एक्स-रेकडून कँटीनकडे. लोक चढले, उतरले, एका पोटुशीने कॅल्शियमच्या गोळ्या सीटवर विसरल्या आणि परत येऊन नेल्या. ते मान वर न करता वाचत होते. वाचण्यासारखं तिथे फार नव्हतं. बारा आकडे. तरी माणसाला स्वतःविरुद्ध वाचायला वेळ लागतो.

एक वाजून गेल्यावर डायलिसिसच्या चढाखाली त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"इथीच थांब. आता पाय उचलला त हे उठनार नाई."

"अजून तीन थांबे हायत."

"लोकाईले उतरव. चालत जातीन. चढावर अडकन्यापेक्षा बरं."

लोक कुरकुरत उतरले. तिने पाय उचलला; इंजिन निजलं. तिने पुन्हा दाबून पाहिलं. टक्. त्यांनी वहीत लिहिलं: अकराशे पस्तीस, एकशे सव्वीस. सव्वीसच्या पुढे त्यांनी रेघ मारली नाही, कारण शेवटचं उठणं झालंच नव्हतं.

मग दोघं त्या उभ्या गाडीत बसून राहिली. ऊन आता पाठीवर येत होतं.

"एकशे सव्वीस वेळा," पंजाबराव म्हणाले. "आमच्या बॅटरीले एकतीस वर्षात किती वेळा बोलावलं, मालूम हाय? पाच. अन् त्यातल्या दोन वेळा माही शिफ्ट नोती." त्यांनी वही मिटली. "मी बसून राहनाऱ्या बॅटरीचा मानूस. तिले सांभाळाचं मले जमे. हे उठबस करनारी वेगळी. दयारामनं सांगतलं होतं. मले आयकू नाई आलं."

"तुमाले कसं मालूम असन..."

"अन् पाणी. पाणी त मीच केलं ना तिचं. दर रविवारी थोडं थोडं. आकडे मीच लिवले अन् मीच नाई वाचले."

रेणूने मान खाली घातली. ते तिला म्हणाले, "तुले मालूम होतं." प्रश्न नव्हता. तिने मान हलवली. ते रागावले नाहीत. रागावण्यासाठी जे लागतं तेही त्या दुपारी त्यांच्यात उरलेलं नव्हतं.

रविवारी दोघं खुर्सीपारला गेली. दयारामने खुर्ची पुसून दिली, आणि उगाच हवापाण्याचं बोलू लागला. पंजाबरावांनी त्याला मधेच थांबवलं.

"पट्टीनं ट्रे मोजून आनला हाय. याच्यात बसन तेच दाखव, दोर बांधनं नको, वरची पकडपट्टी घट्ट कसता आली पायजे. टर्मिनल कोन्या बाजूले हाय ते पाह्य, वायर ताणाची नाई. बनल्याची तारीख दाखव. धूळ खाल्लेली नको. अन् स्टार्टिंगवाली दे."

"आता कसं, काका," दयाराम म्हणाला, आणि जीभ चावली.

"बोल, बोल. आज बोलाचा दिवस हाय तुहा."

"मी कुठी काय बोललो? सीलबंद देऊ का? पाण्याची झंझटच नाई."

"झाकणवाली दे. आत काय चाललं ते दिसलं पायजे."

दयारामने दोन चिमटे लावून तपासणीचं यंत्र दाबलं. काटा झपकन खाली आला, थरथरला, आणि बटण सोडताच परत वर गेला. पंजाबरावांनी ते पुन्हा करायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. त्यात तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ते नुसते पाहत होते, त्या पडण्याकडे आणि उठण्याकडे.

"बस, काका. इथीच थकन ते," दयाराम म्हणाला.

दुपारी रुग्णालयात त्यांनी बॅटरी बसवून घेतली, पण स्वतः हात लावला नाही. ते बाजूला उभे राहून सांगत होते आणि रेणू करत होती. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ट्रेवरचा पांढरा थर धुतला. पट्टा ताणला. वजा खुणेची वायर काढताना आधी, लावताना शेवटी. टर्मिनलवर व्हॅसलीन, पण वायर घट्ट बसल्यावर वरून.

"पाणी चार्जिंग झाल्यावर पाहाचं. प्लेटा झाकल्या, वर बोटभर पाणी आलं का थांबाचं. हात वळवळन तरी थांबाचं," ते म्हणाले. "अन् दुपारी एकदा मागच्या रोडनं लांब फेरी मारजो. पाय न उचलता, पंधरा-वीस मिनटं. जेवढं घेतलं तेवढं तिले परत भेटलं पायजे."

"सर पेट्रोलचं विचारतीन."

"त सांगजो, जेवनाची सुट्टी हाय तिची."

सोमवारी डायरेक्टर साहेब बसले, फोनवर बोलत बसले आणि फोनवर बोलतच उतरले. मधले अकरा थांबे त्यांच्या लक्षातही आले नसावेत. अकरा वेळा रेणूने पाय उचलला, अकरा वेळा ठेवला. दर वेळी ती सीटखालच्या उत्तराकडे कान लावून असे, आणि ते आलं की पुढे निघे. शिवाय चढावर तिने मुद्दाम गाडी थांबवली. तिला स्वतःला पाहायचं होतं. गाडी उठली.

उतरल्यावर साहेब विजयकुमारांना म्हणाले, "चल तो रही है।" विजयकुमारांनी तिला नंतर बोलावून सांगितलं की विजेवरच्या गाड्यांचं मार्चनंतर पाहू.

"म्हणजे मार्चपर्यंत मी हायच ना, सर?"

"मार्चपर्यंत आहातच." आणि समोरची फाईल उघडत ते म्हणाले, "बॅटरी बदलल्याची नोंद करावी लागेल. निवड कोणी केली, लिहायचं असतं. काय लिहू?"

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पंजाबराव आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, पांघरुणात होते. दाढी न केलेली. गयाबाईने तिला खुणेनेच सांगितलं की दिवसभर असेच आहेत. जेवले, पण जेवण कसलं होतं ते विचारलं तर त्यांना सांगता आलं नसतं. रेणू पलंगाच्या कडेला बसली. पाय दुखत होता, एकच, उजवा, घोट्यापासून वर.

"उठली?" भिंतीकडूनच त्यांनी विचारलं.

"अकराच्या अकरा वेळा."

"चढावर?"

"थांबवून उठवली."

"हं."

बाहेर गयाबाईने स्टोव्हवर चहा ठेवला.

"कोनी विचारलं का, बॅटरी कोनी निवडली म्हनून?"

"विचारलं. फाईलमध्ये लिवते म्हणे."

"मंग?"

"तुमचं नाव सांगतलं."

त्यांनी मान वळवली. चष्मा नसलेले त्यांचे डोळे तिला फार उघडे वाटले.

"पहिलीले, का दुसरीले?"

खोटं बोलण्याइतकी शक्ती तिच्यातही राहिली नव्हती, आणि त्यांना ते चाललंही नसतं.

"दोनीले," ती म्हणाली.

त्यांच्या छातीत काहीतरी हललं. ते हसणं आहे हे तिला थोडं उशिरा कळलं. कोरडं, खोकल्यात संपणारं. त्यांनी पांघरूण छातीवर ओढलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "दोनी माह्याच." आणि पुन्हा भिंतीकडे वळता वळता, "जा. चहा घे. उद्या सातची शिफ्ट हाय तुही."